विमानतळाचं बिऱ्हाड: एका रात्रीत हलवायचं की दोन घरं ठेवायची?

रॅम्पवाला (धागाकर्ता)

२५ डिसेंबरला नवी मुंबईहून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न आहे. "काय हो, आता सहारचं सगळं तिकडे जाणार का?" मी एकतीस वर्षं विमानाच्या पोटाखाली काढली. म्हणजे रॅम्पवर, आधी बॅगा आणि नंतर कार्गो. त्यामुळे लोकांना वाटतं ह्याला आतली बातमी असेल. आतली बातमी काही नाही. पण एक अख्खा विमानतळ एका रात्रीत उचलून दुसरीकडे ठेवला, त्याची झळ १९९८ साली मुंबईत बसून आम्हाला लागली होती. ती गोष्ट सांगतो, मग मुंबईचं काय ते आपण बोलू.

विमानतळ हाँगकाँगचा, नाव काय टाक. आमच्या लोडरांचा ह्यावर रोजचा विनोद ठरलेला. "काय टाक?" "बॅग टाक!" नाव पडलं ते दोन गृहस्थांवरून, ज्यांनी तिथे समुद्रात भर घालून जमीन केली होती. त्यातल्या एकाचं नाव खरोखरच 'हो काय' होतं. हे मी बनवून सांगत नाही.

तर ह्या काय टाकला धावपट्टी एकच, ३,३९० मीटरची, समुद्रात जीभ बाहेर काढल्यासारखी. येणारं विमान कौलूनच्या इमारतींवरून यायचं, रंगीत चौकटी रंगवलेल्या एका टेकडीकडे तोंड करून. टेकडी जवळ आली की पायलटने हाताने उजवीकडे ४७ अंशांचं वळण घ्यायचं आणि लगेच उतरायचं. जम्बोचं वळण असं खालून बघणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. १९९६ साली त्या एका पट्टीवरून जवळपास तीन कोटी माणसं आणि साडेपंधरा लाख टन माल गेला. वाढायला जागा नाही, तीन बाजूंनी शहर आणि वर आवाजाची तक्रार, म्हणून रात्री बारा ते सकाळी साडेसहा उड्डाणं बंद.

नवा विमानतळ लांताव बेटाशेजारी, चेक लॅप कॉकला. दोन बेटं कापून सपाट केली, मधला समुद्र भरला, साडेबाराशेच्या आसपास हेक्टर जमीन उभी केली. तिथे जायला त्सिंग मा पूल, बोगदा, रेल्वे, सगळं नवंच. उद्घाटन आधी एप्रिल १९९८ ला ठरलं होतं, पण रेल्वे तयार नव्हती म्हणून जुलैवर गेलं.

आता ती रात्र. ५ जुलै १९९८, रविवार. ११:३८ ला चुंगकिंगहून आलेलं शेवटचं विमान उतरलं. १२:०२ ला लंडनचं शेवटचं विमान उडालं. मग जी विमानं रात्रीच्या मुक्कामाला होती ती रिकामी उडवून नव्या जागी नेली. सव्वाच्या सुमारास नागरी विमानवाहतूक खात्याचे प्रमुख रिचर्ड सीगल टॉवरमध्ये उभे राहून "गुडबाय काय टाक, अँड थँक यू" म्हणाले आणि धावपट्टीचे दिवे बंद केले. सकाळी ६:२७ ला न्यूयॉर्कहून उत्तर ध्रुवावरून थेट आलेलं विमान चेक लॅप कॉकला पहिलं उतरलं.

टीव्हीवर हे फार सुंदर दिसतं. पण विमानाला हलवायला काय लागतं? त्याला पंख आहेत. हलवायचं असतं ते बाकीचं. टग, शिड्या, बेल्ट लोडर, डॉल्या, जनरेटर, जेवणाच्या हायलिफ्ट गाड्या, चाकं-जॅक, काउंटरवरचे प्रिंटर. आणि हे आधी नेऊन ठेवता येत नाही, कारण संध्याकाळपर्यंत ह्याच वस्तूंनी जुना विमानतळ चालवायचा असतो. ज्या पातेल्यात रात्रीचा भात झाला तेच घासून पहाटे दुसऱ्या गावात चहाला चढवायचं. त्या रात्री काफिलेच्या काफिले पुलावरून गेले, काही सामान बार्जवर घालून समुद्रातून नेलं. हे सगळं जमलं त्याचं मोठं कारण ती साडेसहा तासांची रात्रीची बंदी. ज्या बंदीला विमान कंपन्या वर्षानुवर्षं शिव्या घालत होत्या तिनेच त्यांना बिऱ्हाड हलवायला वेळ दिला.

सामान पोचलं. मग सकाळ झाली.

कोणतं विमान कोणत्या बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, आहे हे दाखवणारी यंत्रणा बंद पडली. पडद्यांवर भलतंच दिसू लागलं, माणसं फळ्यांवर हाताने गेट नंबर लिहू लागली. उतरलेली विमानं जागा मिळत नाही म्हणून ताटकळली. हजारो बॅगा मागे राहिल्या. पण खरा दणका मालाला बसला. नवं मालाचं टर्मिनल सगळं स्वयंचलित, रॅकमधून डबा आपोआप आत-बाहेर होणारं. संगणकाने 'माल कुठे ठेवलाय' हेच विसरून टाकलं. मासे, मांस, फळं उन्हात. पुढे चौकशी झाली तेव्हा कारणं निघाली ती अगदी घरगुती: यंत्रणेची पुरेशी चाचणी झालेली नव्हती आणि बांधकामाची धूळ सेन्सरवर बसत होती. शेवटी काय टाकचंच जुनं मालाचं टर्मिनल परत उघडावं लागलं. घर बदललं आणि स्वयंपाक जुन्याच घरात! सगळं सुरळीत व्हायला ऑगस्ट संपला.

आमच्याकडे मुंबईत काय झालं? एक फॅक्स. 'हाँगकाँगचा माल पुढील सूचनेपर्यंत स्वीकारू नये.' गोदामात आधीच स्वीकारलेले खोके पडून आणि व्यापाऱ्यांचे फोन. मी तेव्हा नवा सुपरवायझर होतो. "साहेब, विमान तर रोज जातंय, मग माल का नाही जात?" ह्या प्रश्नाला मी दीड महिना उत्तर देत होतो.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की विमानतळ हलला हे रात्री ठरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ठरतं. आणि तरीही, एवढं सगळं बघूनही, एका घावात हलवणंच बरं असं मला वाटतं. मुंबईत तसं होणार नाहीये. तुमचं काय म्हणणं?

---

चारकोप_चाळीस

सुंदर माहिती काका. पण मूळ प्रश्न राहिला. पुढच्या महिन्यात सासूबाईंना दिल्लीच्या विमानात बसवून द्यायचंय. मुंबईहूनच आहे. म्हणजे नेहमीसारखं सहार ना?

---

रॅम्पवाला

तिकिटावर बघा.

---

चारकोप_चाळीस

तिकिटावर मुंबई लिहिलंय.

---

खडीसाखर

'हो काय'ला फुटले!

रॅम्पवाला, मुंबईला बिऱ्हाड हलवणं नवीन नाही. टाटांची टपालाची विमानसेवा १९३२ ला सुरू झाली ती जुहूला. १५ ऑक्टोबरला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे छोटं पुस मॉथ घेऊन तिथेच उतरले. पण जुहू म्हणजे किनाऱ्यालगतची सखल जागा, पावसाळ्यात चिखल. मग दर पावसाळ्यात अख्खी कंपनी उचलून पुण्याला! जेआरडींनी स्वतःच सांगून ठेवलंय: दोन विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक, आणि पुण्यात येरवडा जेलच्या सावलीत पोलोचं मैदान हाच विमानतळ. पाऊस संपला की परत जुहू. पुढे सांताक्रूझ झाला आणि १९४८ ला जुहूची प्रवासी वाहतूक तिकडे गेली.

तेव्हा ह्या विषयातला पहिला अनुभव पुण्याच्या नावावर लिहावा ही विनंती. :)

---

शंकासुर

पुण्याच्या नावावर अजून काय काय लिहायचं ते एकदाच सांगा.

बाकी धागाकर्त्याशी सहमत नाही. तुम्ही स्वतःच दीड महिन्याची बोंब सांगता आणि शेवटी 'एका घावातच बरं' म्हणता. हे कसं? एका रात्रीचा हट्ट हाच रोग आहे. तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरते, फीत कापायला कोणीतरी मोठा येणार असतो, आणि मग चाचणी राहून जाते. हाँगकाँगला २ जुलैला चीनचे अध्यक्ष च्यांग झमिन उद्घाटनाला आले होते आणि त्याच दिवशी क्लिंटनही नव्या विमानतळावर उतरले. अशी पाहुणेमंडळी ठरली की 'अजून दोन महिने द्या' म्हणायची छाती कोणाची?

लंडनला हीथ्रोचं टी-५ बघा. विमानतळ नव्हे, नुसतं टर्मिनल. २७ मार्च २००८. पहिल्याच दिवशी ३४ उड्डाणं रद्द. पुढच्या दिवसांत सुमारे ४२ हजार बॅगा मागे. कारण काय? इतर कारणं होतीच, पण कर्मचाऱ्यांना गाडी लावायला जागा सापडेना आणि त्यांची सुरक्षा तपासणी वेळेत होईना. लोडरच बेल्टपर्यंत पोचले नाहीत तर बॅग कोण उतरवणार? ब्रिटिश एअरवेजचे वरचे लोक मात्र सकाळी फोटोला वेळेवर होते.

थोडं थोडं हलवलं असतं तर थोडं थोडं बिघडलं असतं. एवढंच माझं म्हणणं.

---

रॅम्पवाला

शंकासुर, पार्किंगचा मुद्दा लाख मोलाचा. त्यावर नंतर सविस्तर लिहितो, आत्ता नातीला आणायला जायचंय.

---

केळफूल

आम्ही श्टुटगार्टला. २०१९ च्या एप्रिलमध्ये भारतात येताना इस्तंबूलला विमान बदलायचं होतं आणि नेमका तो दिवस निघाला ६ एप्रिल. महिनाभर आधी मेल आला की तुमची वेळ बदलली आहे. कारण पहाटे दोन ते दुपारी दोन, असे बारा तास जुना अतातुर्क आणि नवा, दोन्ही विमानतळ प्रवासी उड्डाणांना बंद. इस्तंबूलसारखं शहर बारा तास विमानाविना! हाँगकाँगला रात्रीची बंदी फुकट मिळाली, इथे त्यांनी ती मुद्दाम तयार केली.

नवरा ह्या विषयातला वेडा, त्याने सगळं वाचून ठेवलेलं. हलवायला ४५ तासांचं वेळापत्रक, सुमारे ४७ हजार टन सामान, ट्रकांसाठी शहरातले रस्ते अडवलेले. ठरल्यापेक्षा आधीच संपलं. पण त्यांनी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. एक म्हणजे नवा विमानतळ ऑक्टोबर २०१८ मध्येच उघडला होता, मोजक्या विमानांसाठी. पाच-सहा महिने रंगीत तालीम. दुसरं, माल घाईने हलवलाच नाही, तो अतातुर्कलाच ठेवला आणि २०२२ मध्ये नेला. रॅम्पवाला काकांना हे आवडेल.

आणि एक गंमत. आयएसटी हा तीन अक्षरी कोड त्या पहाटे तीन वाजता नव्या विमानतळाला दिला, अतातुर्कला आयएसएल. म्हणजे तुमची बॅग आणि तिच्यावरचा टॅग दोन्ही तेच, फक्त त्या अक्षरांचा अर्थ रात्रीत तीसेक किलोमीटर सरकला. माझी बॅग आली. नवऱ्याची तीन दिवसांनी आली, पण ती तशीही नेहमीच तीन दिवसांनी येते.

---

रॅम्पवाला

माल शेवटी हलवला! कोणीतरी शिकलं म्हणायचं.

---

हेब्बाळची_सून

बंगळुरूची गोष्ट मी सांगते. माझं लग्न २००७ चं. तेव्हा विमानतळ एचएएलचा, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ह्या विमान कारखान्याचा, ओल्ड एअरपोर्ट रोडवर. सासऱ्यांना पुण्याचं विमान पकडायचं तर घरातून पोहे खाऊन रिक्षाने जायचे. टर्मिनल म्हणजे एसटी स्टँड, वर्षाला एक कोटी माणसं त्यात कोंबलेली, पण जवळ.

मग देवनहळ्ळीचा नवा विमानतळ. २००८ च्या मार्चअखेर सुरू होणार होता, तारखा पुढे जात २३ मेच्या मध्यरात्री एचएएल बंद झाला आणि २४ मेला नवा सुरू. त्याआधी शहरात केवढा वाद! आयटीवाले म्हणत जुना बंद करू नका, कोर्टात याचिका, विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांचा मार्चमध्ये देशभर संप. हैदराबादलाही तेच, बेगमपेट २२ मार्चच्या मध्यरात्री बंद आणि शमशाबाद सुरू. पण करारातच अट होती की १५० किलोमीटरच्या आत पंचवीस वर्षं दुसरा विमानतळ नको. पैसे घालणाऱ्याने ती अट घातल्याशिवाय पैसे घातलेच नसते.

शंकासुर, थोडं थोडं हलवायचं म्हणजे कोणी? खाजगी कंपनी म्हणणार, जुनं चालू राहिलं तर लोक जवळचंच घेणार, माझं कर्ज कोण फेडणार? एका रात्रीत हलवण्यामागे मंत्री असतात तसे बँकवालेही असतात.

आता रस्त्याचं. मी नाव घेतलंय हेब्बाळचं ते उगाच नाही. पहिली दोन-तीन वर्षं उड्डाणपुलावर आमच्या अंगणात बसल्यासारखे लोक गाड्यांत बसलेले असत. सूटबूट घातलेला एक माणूस बॅग डोक्यावर घेऊन पुलावरून पळताना मी स्वतः बघितलाय. विमानतळावर जाणारी वायु वज्र बस हे एकच देवाचं देणं. मेट्रो? २०२५ संपलं तरी पोचली नव्हती. सासरे आता पुण्याला रात्रीच्या बसने जातात. म्हणतात, झोप तरी होते.

---

शंकासुर

बँकवाल्यांचा मुद्दा मान्य. पण मग मुंबईचं गणित सांगा. सहार-सांताक्रूझला वर्षाला साडेपाच कोटी प्रवासी. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच चालते. नवी मुंबईच्या पहिल्या टर्मिनलची क्षमता दोन कोटी. दोन कोटींच्या पातेल्यात साडेपाच कोटींचा भात शिजत नाही. तेव्हा 'एका घावात' हा पर्यायच नाही, आवडो न आवडो. शिवाय दोन्हीकडचा मालक एकच, त्याला कोणतंही चाललं तरी हरकत नाही.

---

बर्फातला_बाजीराव

दोन घरं ठेवण्याबद्दल मॉन्ट्रियलकडून चार शब्द. इथे काही वर्षं काढली की कोणीतरी म्हातारा कॅनेडियन तुम्हाला मिराबेलची गोष्ट सांगतोच, आपल्याकडे एन्रॉनची सांगतात तशी.

१९७५ ला मिराबेल उघडला. सरकारने त्यासाठी जवळपास ४० हजार हेक्टर जमीन घेतली. नवी मुंबईचा विमानतळ ११६० हेक्टर आहे, म्हणजे अंदाज करा. जगातला सगळ्यात मोठा होणार होता. ठरलं असं की परदेशी विमानं मिराबेलला न्यायची, देशातली जुन्या डॉर्व्हालला ठेवायची. म्हणजे पॅरिसहून येऊन हॅलिफॅक्सला जाणाऱ्याने काय करायचं? बर्फात बसने एका विमानतळावरून दुसऱ्यावर. मिराबेल शहरापासून पन्नासच्या वर किलोमीटर, तिथे जाणारी वेगवान रेल्वे झालीच नाही, महामार्ग अर्धवट राहिला. लोकांनी सोपा उपाय काढला: टोरोंटोमार्गे जायचं. १९९७ ला परदेशी विमानं परत डॉर्व्हालला आली. २००४ ला मिराबेलहून शेवटचं प्रवासी विमान गेलं. आता टर्मिनल पाडलंय. माल आणि विमानांचा कारखाना चालतो. घेतलेली बरीचशी जमीन शेतकऱ्यांना परत द्यावी लागली.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ह्याला ह्याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. मुंबईत उद्या असं झालं की दुबईहून सहारला उतरा आणि नागपूरला जायला उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर जा, तर लोक अहमदाबाद किंवा हैदराबादमार्गे जातील. राग नका मानू.

---

मोपा_ते_मडगाव

गोव्यात आम्ही तीन वर्षं दोन घरांत राहतोय. ५ जानेवारी २०२३ ला मोपा सुरू झाला. दाबोळी बंद होणार, होणार म्हणत सगळे ओरडत होते. तो नौदलाचा, सकाळी त्यांचा सराव असतो म्हणून नागरी विमानांना वेळ कमी. पण बंद झाला नाही. फक्त हळूहळू पाय निघतोय. जून २०२४ ला कतार एअरवेज मोपाला गेली. दक्षिणेतले टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले खवळलेत, उत्तरेतले खूश.

आमच्या सावंतवाडीच्या आत्येचं म्हणणं विचारलं तर, "आमका जवळ पडता तां बरां." मोपा पेडण्यात, आणि पेडणे तिच्यासाठी अंगण आहे. मडगावच्या मामाला विचाराल तर शिव्या. दोन विमानतळांमध्ये साठेक किलोमीटर आणि मांडवीचा पूल. लग्नाच्या पाहुण्यांना आणायला जाताना 'दाबोळी की मोपा' हे विचारायचं राहिलं की घरात महाभारत. गेल्या मे महिन्यात नवरदेवाचे काका मोपाला उभे आणि गाडी दाबोळीला.

---

चारकोप_चाळीस

हेच तर मी विचारतोय! पण दिल्लीचं विमान आहे, मोठ्या शहराचं, ते सहारहूनच असणार ना?

---

उलवेकर

सगळे इथे प्रवाशाच्या बाजूने लिहितायत. आमच्या बाजूनेही बघा. ह्या विमानतळासाठी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदी वळवली. माझं आजोळ त्या दहांतलं एक. जिथे आज एप्रन, म्हणजे विमानं उभी करायचं पटांगण, आहे त्याच्या आसपास कुठेतरी आमची चिंच होती, मामा मला गुगल नकाशावर बोट ठेवून दाखवतो. दर वेळी बोट थोडं वेगळीकडे पडतं.

आता आमची पोरं तिथे कामाला लागतायत. सुरक्षा पास, प्रशिक्षण, सगळं चालू आहे. पण सहारची जुनी माणसं इकडे आणणार की इथली नवीन घेणार, हा खरा प्रश्न आहे. ते कोणी बोलत नाही.

---

व्यवस्थापक_२

विमानतळाच्या नावावरचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. नावाच्या मागणीसाठी वेगळा धागा आहे, तिथे आधीच सहाशे प्रतिसाद आहेत. इथे फक्त स्थलांतराबद्दल लिहावे.

---

रॅम्पवाला

नात झोपली. आता लिहितो.

उलवेकर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, आणि शंकासुरच्या पार्किंगच्या मुद्द्याचं उत्तरही तेच आहे. रॅम्पवर काम करणारा माणूस कुठे राहतो? सहारचे आमचे लोडर मरोळ, साकीनाका, जरीमरी, विलेपार्ल्याच्या झोपडपट्टीत राहायचे. का? स्वस्त म्हणून आणि चालत जाता येतं म्हणून. सकाळची शिफ्ट तीनला किंवा चारला सुरू होते, रात्री एक ते चार लोकल नाही. विमानतळ हलला तरी ह्या माणसाची चाळीतली खोली हलत नाही. बंगळुरूला आणि हैदराबादला कितीजणांनी नोकरी सोडली असेल ते मला सांगता येणार नाही, पण मी सोडली असती.

१२ फेब्रुवारी २०१४ ला आमच्याकडे नवीन टी-टू सुरू झालं, परदेशी उड्डाणांसाठी. विमानतळ तोच, धावपट्टी तीच, इमारत फक्त बदलली. त्याआधी आठवडेच्या आठवडे आम्ही खोट्या बॅगा बेल्टवर घालत होतो. रिकाम्या बॅगा, वर खोटे टॅग. रात्री दोन वाजता एक खोटा प्रवासी खोट्या बॅगेसाठी माझ्याशी खरं भांडला होता. त्याला भांडायला सांगितलेलं होतं, मला ते माहीत नव्हतं. पण त्या भांडणामुळे कळलं की हरवलेल्या बॅगेची तक्रार घ्यायचा काउंटर बेल्टपासून दिसतच नाही. ह्या प्रकाराला ओरॅट म्हणतात आणि त्याचा आता जगभर धंदा आहे. म्युनिकने १९९२ च्या मे महिन्यात जुन्या रीमहून एका रात्रीत नव्या विमानतळावर जाऊन दाखवलं आणि आज ते इतरांना हे शिकवायचे पैसे घेतात.

आणि ज्यांना 'अजून दोन महिने द्या' म्हणायची छाती झाली त्यांचंही सांगायला हवं. बर्लिन. ३ जून २०१२ ला नवा विमानतळ उघडायचा होता, आदल्या रात्री सगळं हलायचं होतं. ८ मेला रद्द केलं, आगीचा धूर बाहेर काढायची यंत्रणा धड नाही म्हणून. उघडला केव्हा? ३१ ऑक्टोबर २०२०. दोन महिन्यांचे आठ वर्षं झाले. तेव्हा शंकासुर, थांबणं हेही दर वेळी शहाणपणाचं ठरेल असं नाही. डेन्व्हर १६ महिने थांबलं, बॅगांच्या स्वयंचलित गाड्यांपायी, २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडलं आणि ती यंत्रणा पुढे दहा वर्षांत मोडीतच काढली. जुन्या स्टेपल्टनला आता घरं आहेत. नुसता कंट्रोल टॉवर उरला, त्यात खाण्यापिण्याचं दुकान.

गणिताचं मान्य करतो. साडेपाच कोटी दोन कोटींत बसत नाहीत. पण मग दोन घरं ठेवताना एक तरी ठरवा: एका कंपनीची सगळी विमानं एका घरात, म्हणजे निदान तिची जोड-उड्डाणं तुटणार नाहीत. मिराबेलला जी वाटणी केली, परदेशी इकडे आणि देशी तिकडे, ती मात्र कधीच नको.

---

शंकासुर

हे पटलं. कंपनीवार वाटणी करा, देशी-परदेशी नको. पण कंपन्या आपलं सहारचं एकही टाइमिंग सुखासुखी सोडणार नाहीत. त्या दोन्हीकडे पाय ठेवतील.

---

खडीसाखर

मग आपण दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक घेऊन पावसाळ्यात येरवड्याला जाऊ.

अवांतर: काय टाकचं पुढे काय झालं?

---

रॅम्पवाला

धावपट्टीच्या टोकाला २०१३ पासून क्रूझ जहाजांचा धक्का आहे. बाकी जागेवर इमारती, इस्पितळ, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मोठं क्रीडासंकुल उघडलं. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन गेलो होतो. ती खरेदीला गेली आणि मी त्या टोकावर उभा राहून टेकडीच्या दिशेने बघत बसलो. काहीच आलं नाही अर्थात. बायको आली आणि म्हणाली, "काय बघताय?" म्हटलं, वळण.

---

चारकोप_चाळीस

मंडळी, तिकीट नीट उघडून पाहिलं. वर मोठ्या अक्षरात मुंबई. खाली बारीक अक्षरात एनएमआय, म्हणजे नवी मुंबई.

सकाळी ६:१० चं विमान आहे.

चारकोपहून किती वाजता निघावं लागेल? आणि हे सासूबाईंना कोणी सांगावं?

---

उलवेकर

रात्रीच आणा त्यांना. आमच्याकडे राहतील, पहाटे मी सोडतो. पंधरा मिनिटं.

---

हेब्बाळची_सून

पोहे करून द्या बरोबर.